काल किती?



कवी माणसाने ताकदीच्या व्यायामावर बोलावं, हे ऐकून काही श्रोत्यांना हसू आलं असेल. कवी म्हटला की खांद्याला शबनम, अंगात ढगळ झब्बा आणि झब्ब्याच्या आत छातीचा पिंजरा, असं चित्र आपल्याकडे ठरून गेलेलं आहे. मी डॉक्टर नाही, व्यायामशिक्षकही नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस आहे. पण कोल्हापुरात तालमीच्या भिंतीला भिंत लागून ज्याचं घर आहे, त्याला पहाटे जोर-बैठकांचे हुंकार ऐकतच शब्द जुळवावे लागतात. लहानपणापासून पन्नाशी ओलांडेपर्यंत मी ते ऐकत आलो. आता गल्लीच्या तोंडालाच जिम झाली आहे, तिथलं दणदणीत संगीतही ऐकतो. दोन्हीकडची माणसं ओळखीची. त्यामुळे एक तक्रार नेहमी कानावर येते: 'सहा महिने झाले, रोज जातोय, घाम गाळतोय, पण फरक काही नाही.'

जानेवारीत वर्षाचे पैसे भरून होळीच्या आत दिसेनासे होणारे लोक असतात, त्यांच्याबद्दल मला आज बोलायचं नाही. त्यांना फरक का दिसला नाही, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक असतं. मला बोलायचं आहे ते नेमाने जाणाऱ्यांबद्दल. पाऊस असो, थंडी असो, हा माणूस साडेसहाला हजर. टॉवेल, बाटली, बूट सगळं जिथल्या तिथे. तासभर काहीतरी उचलतो, ओढतो, ढकलतो. आणि वर्षभरानंतरही तोच शर्ट त्याच बटणापाशी तसाच बसतो. कष्ट करूनही फळ नाही म्हटल्यावर माणूस हिरमुसतो. मग त्याला वाटू लागतं, आपली हाडंच अशी, आपल्या घराण्यातच नाही.

तालमीत वस्ताद काय करतो, ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. नवा पोरगा लंगोट कसून उभा राहिला की वस्ताद एवढंच विचारतो, "काल किती जोर मारलेस?" पोरगा म्हणतो, "चाळीस." वस्ताद म्हणतो, "आज बेचाळीस मार." संपलं. तालमीत वही नाही, तक्ता नाही. पण वीस-पंचवीस पोरांचा कालचा आकडा वस्तादाच्या डोक्यात असतो. कोण ताप काढून उठलाय, कोणाला कालच्या लढतीत खांद्याला लागलंय, हेही असतं. ज्याला ताप आला होता त्याला बेचाळीस नाही, वीस सांगतो.

आता जिममध्ये जा आणि एखाद्या नेमाने येणाऱ्या सभासदाला विचारा, 'गेल्या गुरुवारी या यंत्रावर किती वजन घेतलं होतंत, आणि किती वेळा ओढलंत?' बहुतेकांना सांगता येत नाही. वजनांच्या चळतीत एक पिन असते. तो पिन गेल्या दिवाळीत ज्या भोकात होता त्याच भोकात आजही असतो. दहा किलोचं डंबेल गेल्या वर्षी उचललं, यंदाही तेच. दहा वेळा तेव्हा, दहा वेळा आता. माझ्या पाहण्यात निष्फळ व्यायामाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. बाकीची कारणंही आहेत, त्यांच्याकडे येतोच, पण ती याच्या मागून येतात.

शरीर हे मोठं चिक्कू प्रकरण आहे. स्नायू पोसायला त्याला खर्च येतो, म्हणून गरजेपेक्षा जास्त स्नायू ते ठेवत नाही. कालपेक्षा आज थोडं जास्त मागितलं, तर ते कुरकुरत का होईना, पुढच्या वेळेसाठी तजवीज करून ठेवतं. कालइतकंच मागितलं तर म्हणतं, एवढं माझ्यापाशी आहे की! आमच्या मार्केट यार्डातल्या हमालाकडे पाहा. नवा हमाल पहिल्या काही महिन्यांत पोत्याखाली वाकतो, मग सरावतो, मग झपझप चालतो. पण तिथून पुढे त्याची ताकद फारशी वाढत नाही, कारण पोतं वाढत नाही. कष्ट कमी असतात असं कोण म्हणेल? पण कष्ट वेगळे आणि वाढते कष्ट वेगळे.

ही गोष्ट डॉक्टरी शास्त्रात पक्की बसली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. अमेरिकेच्या सैन्यातले एक तरुण डॉक्टर होते, थॉमस डीलॉर्म. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे, मांड्या निकामी झालेले जखमी सैनिक त्यांच्यापुढे येत. तेव्हाची रीत अशी होती की, अशा पायांना अगदी हलकं काम द्यायचं आणि ते पुष्कळ वेळा करून घ्यायचं. सैनिक महिनोन् महिने पाय हलवत बसायचे. डीलॉर्मना स्वतःला वजनं उचलण्याचा नाद होता. त्यांनी उलट केलं. पायाला जेवढं जेमतेम दहा वेळा उचलता येईल तेवढं वजन शोधून काढलं, आणि पाय सुधारेल तसं ते वाढवत नेलं. १९४५ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. आज जगभर भौतिकोपचाराच्या खोल्यांमध्ये आणि जिममध्ये जे चालतं, त्यातलं बरंचसं त्या सैनिकांच्या मांड्यांवरून आलेलं आहे.

याहून जुनी एक ग्रीक कथा आहे. क्रोटनचा मिलो नावाचा मल्ल, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला. तो म्हणे रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासरू वाढत गेलं तशी याची ताकद वाढत गेली, आणि शेवटी तो बैल खांद्यावर घेऊन फिरला. व्यायामाची पुस्तकं ही कथा फार आवडीने सांगतात. मला मात्र ती अर्धवट वाटते. गावाकडे वासरू पाहिलेल्या कुणालाही कळेल की, ते ज्या वेगाने वाढतं त्या वेगाने कुठल्याही मिलोची ताकद वाढणार नाही. सुरुवातीला आठवड्याला थोडं वजन वाढवता येतं, मग महिन्याला, मग काही महिन्यांनी. मध्ये कधी दोन पावलं मागेही यावं लागतं. ही कथा ऐकून जे पोरगे दर आठवड्याला पाच किलो वाढवत सुटतात, ते एक तर कंबर धरून बसतात, नाहीतर फसवणूक सुरू करतात. फसवणूक म्हणजे अर्धवट बैठक मारायची, झोका देऊन वजन वर न्यायचं. आकडा वाढतो, पण काम वाढत नाही. वजन वाढलं नाही तरी चालेल. त्याच वजनाने दहाऐवजी अकरा वेळा, किंवा आहे तेवढंच पण पूर्ण खाली जाऊन, न झटकता केलं, तरी ती वाढच.

इथे जोर-बैठकांविषयीही थोडं बोलायला हवं. गामा पैलवान रोज हजारांनी बैठका मारायचे असं सांगतात. १९१० साली लंडनला जाऊन पोलंडच्या झ्बिश्कोशी बरोबरी आणि पुढे १९२८ साली पतियाळात त्याच झ्बिश्कोला मिनिटभराच्या आत चीत करणारा माणूस तो, त्याच्याबद्दल वाद कोण घालणार? पण हजार बैठका मारता येणं हा दमाचा प्रकार आहे. कुस्तीला दम लागतो. आपल्याला फक्त ताकद वाढवायची असेल, तर सहजासहजी होणाऱ्या शंभरापेक्षा कष्टाने होणाऱ्या दहा उपयोगी. वजन हलकं की जड, यावर लोक तासन् तास वाद घालतात. हलक्या वजनानेही स्नायू भरतो, हे अलीकडच्या काळात दिसून आलेलं आहे, पण एका अटीवर: आता आणखी दोन किंवा तीनच होतील, त्यापुढे होणार नाहीत, अशा टोकापर्यंत जायला हवं. आणि बहुतेक लोक थांबतात ते दहाचा आकडा झाला म्हणून. बाराव्या किंवा पंधराव्या वेळी खरी कसोटी लागणार असते, आणि आपण दहाला डंबेल खाली ठेवून मोबाइल हातात घेतो.

त्या मोबाइलनेही एक नवं दुखणं आणलं आहे. सोमवारी एक चित्रफीत पाहिली, तिच्यातला व्यायाम केला. गुरुवारी दुसऱ्या कुणी सांगितलं की तो व्यायाम चुकीचा, हा करा. महिन्याभरात माणूस चाळीस प्रकार करतो आणि एकाही प्रकारात कालचा आकडा उरत नाही. स्नायूला चकवा द्यावा लागतो, असं जिममध्ये ऐकायला मिळतं. स्नायूला चकवा वगैरे काही कळत नाही. त्याला ओझं कळतं. जोर, बैठक, ओढणं, ढकलणं, जमिनीवरून उचलणं, असे पाच-सहा प्रकार वर्षानुवर्षं पुरतात. गाणाऱ्याने रोज राग बदलला तर गळा तयार होईल का?

अंग दुखणं हा आणखी एक खोटा पुरावा. 'काल असा व्यायाम झाला की जिना उतरता येईना,' असं लोक अभिमानाने सांगतात. नवीन काहीही केलं की अंग दुखतं. सहा महिन्यांनी घरातली जड कपाटं सरकवली तरी दुखतं. अंग दुखलं म्हणजे ताकद वाढली असं नाही, आणि दुखलं नाही म्हणजे व्यायाम फुकट गेला असंही नाही.

आता आरशाकडे येतो. पुष्कळांना फरक दिसत नाही, कारण ते तो चुकीच्या जागी शोधतात. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. १९७९ साली मोरितानी आणि डीव्ह्राइस या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. स्नायूत जे धागे आधीपासून आहेत, त्यांतले जास्तीत जास्त धागे एकदम कामाला लावायला मेंदू शिकतो. म्हणजे दंड तेवढाच, पण कालपर्यंत जड वाटणारी बादली आज हलकी. दंडाचा घेर वाढायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि त्यावर चरबीचा थर असेल तर वाढलेलाही दिसत नाही. वजनकाट्यावरही काही कळत नाही, कारण चरबी थोडी उतरते, स्नायू थोडा चढतो, काटा जागेवरच. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणूस आरशापुढे उभा राहून 'काही नाही' म्हणतो. त्याच वेळी त्याची वही असती, तर तिने सांगितलं असतं की पहिल्या आठवड्यात वीस होते, आता तीस आहेत.

इथेच खाशाबा जाधवांची आठवण होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझपदक घेऊन आले. सहाव्यावरून तिसऱ्यावर यायला त्या असामान्य पैलवानालाही चार वर्षं लागली, आणि आपण तीन महिन्यांत जाहिरातीतला फोटो मागतो.

आणि सगळ्यांना सारखं फळ मिळत नाही, हेही खरं. अमेरिकेत ५८५ तरुण स्त्री-पुरुषांना बारा आठवडे दंडाचा एकच व्यायाम दिला गेला. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले. काहींच्या स्नायूत जवळपास काहीच वाढ नाही, उलट दोन टक्के घट. आणि काहींच्या ५९ टक्के वाढ. ताकदीत शून्यापासून अडीच पटीच्या वाढीपर्यंत फरक. बहुतेक लोक अर्थातच मध्ये कुठेतरी होते. तेव्हा शेजारच्या पोराचा दंड फुगला आणि आपला नाही, म्हणून आपलं चुकतंच आहे असं नाही. आपली तुलना आपल्या कालच्या आकड्याशी.

हे न समजल्याने एक वाईट गोष्ट आजकाल घडते आहे, आणि ती लहान गावांतही पोचली आहे. फळ लवकर दिसत नाही म्हटल्यावर कुणीतरी कानाशी लागतो, 'एक कोर्स करून टाक.' इंजेक्शनं येतात, गोळ्या येतात. त्यांनी स्नायू फुगतात, यात खोटं काही नाही. पण ही औषधं काळजावर आणि यकृतावर ताण आणतात आणि शरीराची स्वतःची पुरुषी संप्रेरकं बनवण्याची क्रिया बंद पाडतात. वीस-बावीस वर्षांच्या पोराला हे कुणी सांगत नाही. पालकांनी एवढं लक्षात ठेवावं की, पोरगा दोन-तीन महिन्यांत ओळखू येणार नाही इतका फुगला, तर कौतुक करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत.

खुराकाचं आता. तालमीत व्यायामाइतकंच महत्त्व खुराकाला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्ती वाढवली, तेव्हा मैदानं बांधली तसा पैलवानांच्या खुराकाचाही बंदोबस्त केला. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण. आपण जिममध्ये जाताना व्यायाम तेवढा घेतला आणि खुराक विसरलो. किंवा खुराकाचा अर्थ महागडा डबा असा करून घेतला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलेला हिशेब असा की, सामान्य माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला याहून जास्त लागतात, १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत. आता आपलं ताट पाहा. सकाळी चहा-खारी. दुपारी दोन चपात्या, भाजी, भात, पातळ आमटी. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री तेच. अशा ताटात पन्नास ग्रॅमचीही मारामार, मग सत्तर-ऐंशी कुठून येणार? आमटीत डाळीपेक्षा पाणी जास्त असतं, हे सांगितलं की घरात रागावतात, पण ते खरं आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. डाळ घट्ट करा, मटकी-हरभरा उसळीला घ्या, दही घ्या. खाणाऱ्यांनी अंडी, मासे, चिकन घ्यावं. पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यावर वाट्या प्यायल्या म्हणजे मटण खाल्लं असं होत नाही, हेही आमच्या गावात सांगावं लागतं. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

झोपेबद्दल फार बोलत नाही. व्यायामात स्नायू झिजतो आणि विश्रांतीत बांधला जातो, ते काम पुढचा दिवस-दोन दिवस चालू असतं. रात्री एकपर्यंत मोबाइल पाहून पहाटे साडेपाचला जिम गाठणारा, बांधकामाच्या वेळी गवंड्याला सुट्टी देतो. म्हणून एकाच अवयवाला रोज राबवण्याचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना व्यायाम द्यायला सांगितला आहे. दोन दिवस! एवढे तर कुणालाही काढता येतील.

हे सगळं तरुणांच्या दंडाविषयी चाललं आहे असं कुणाला वाटेल. माझ्या दृष्टीने हा विषय त्यापेक्षा म्हाताऱ्यांचा आहे. तिशीनंतर माणसाचा स्नायू दर दहा वर्षांनी तीन ते आठ टक्के घटत जातो आणि साठीनंतर ही घट वाढते. आपलं सगळं जगणं जमिनीशी बांधलेलं. पंगत जमिनीवर, भजन जमिनीवर, नमाज जमिनीवर. आता मशिदीत मागच्या बाजूला खुर्च्यांची ओळ वाढत चालली आहे, आणि भजनी मंडळाचे मित्र सांगतात की त्यांच्याकडेही तेच आहे. काहींचे गुडघे खरोखर झिजलेले असतात. पण पुष्कळांच्या बाबतीत गुडघ्याला बोल लावला जातो आणि खरी उणीव मांडीत असते.

आमच्या मोहल्ल्यात एक चाची आहेत. वय सत्तरीच्या पुढे. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्यांना जमिनीवरून उठणं अवघड होऊ लागलं. एका ठिकाणी दाखवलं, तिथे घोट्याला अर्धा किलोची वाळूची पिशवी बांधून खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरळ करायला सांगितलं. दहा वेळा, दोन्ही पाय. चाची शब्दाच्या पक्क्या. दोन वर्षं एक दिवस चुकवला नाही. आणि फरक? "दो साल से कर रई हूँ, कुछ फरक नई," असं मला त्या स्वतः म्हणाल्या. त्यांनी लेकीच्या गावी जाणं बंद केलं होतं. कारण साधं होतं. त्या घरी बसायचा संडास होता, कमोड नव्हता. ही गोष्ट त्या कुणाला सांगायच्या नाहीत. प्रवास झेपत नाही म्हणायच्या. लेकीला वाटायचं, अम्मी नाराज आहे.

त्यांचा नातू गल्लीतल्या जिमला जातो. त्याचीही तीच तक्रार होती, आणि त्याचंही डंबेल वर्षभर तेच होतं. आजी आणि नातू एकाच घरात, एकाच रोगाने त्रस्त, आणि दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याचा विषय वेगळा आहे.

म्हातारपणी ताकद वाढते का, हा प्रश्न लोक विचारतात तेव्हा मी बोस्टनचा दाखला देतो. तिथल्या एका वृद्धालयात डॉ. मारिया फियातारोने यांनी सरासरी नव्वद वर्षांच्या दहा म्हाताऱ्यांना पायांसाठी चांगला जड वजनाचा व्यायाम दिला. आठ आठवडे. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू नऊ टक्के भरला. १९९० साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना चकित व्हायला झालं. त्या नव्वदीच्या माणसांना कुणी अर्धा किलोवर दोन वर्षं बसवून ठेवलं नव्हतं. त्यांची जेवढी ताकद होती त्याच्या जवळ जाणारं वजन दिलं गेलं, आणि ताकद वाढली तसं वजन वाढलं. अर्थात शेजारी जाणकार माणूस उभा होता. रक्तदाब, हृदयविकार, डोळ्यांची शस्त्रक्रिया असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आणि वजन उचलताना श्वास कोंडून धरायचा नाही, हे कुठल्याही वयात.

चाचींना गेल्या वर्षी एक नवीन भौतिकोपचार करणारी मुलगी भेटली. तिने पहिला प्रश्न विचारला, "आजी, ही पिशवी सुरुवातीला किती किलोची होती?" चाची म्हणाल्या, "हीच." मुलगी हसली नाही. तिने पिशवी एक किलोची केली, मग दीड. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं. आधी उंच खुर्ची, तिच्यावर उशी. मग उशी काढली. मग बुटकी खुर्ची, मग स्टूल, मग पाट. आठवड्यात तीन दिवस, मधले दिवस सुट्टी. रोज एक अंडं आणि आमटीऐवजी घट्ट डाळ. पाटापर्यंत यायला पाच महिने लागले. मध्ये रमजान आला, त्या महिन्यात तिने काही वाढवलं नाही. आहे ते इफ्तारनंतर, कमी वेळा करायला सांगितलं. रमजाननंतर दोन आठवडे मागे पडल्यासारखे वाटले, मग गाडी पुन्हा पूर्वीच्या जागी आली. एकदा कमावलेली ताकद परत मिळवायला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

आता चाची एक हात गुडघ्यावर टेकून जमिनीवरून उठतात. भिंत लागत नाही. बकरी ईदला लेकीकडे आठ दिवस राहून आल्या. त्यांचा हिशेब नातू एका शंभर पानी वहीत लिहितो, डाव्या पानावर त्यांचा, उजव्या पानावर स्वतःचा. परवा मी ती वही पाहिली. डाव्या पानावर स्टुलावरून पंधरा, पाटावरून सहा, असं होतं. उजव्या पानावर साडेबारा किलो, नऊ वेळा, आणि त्याच्याखाली पेन्सिलीने, गेल्या आठवड्यात आठ.